वैशाखात उकलणारं पेन

एखादं पेन चांगलं आहे हे कधी ठरवायचं? काचेच्या कपाटात चमकत असताना, हातात घेऊन एक सही केल्यावर, की वर्षभर खिशात वागवून झाल्यावर? हा प्रश्न मला पडला तो एका देखण्या पेनामुळे, आणि त्या पेनाची समीक्षाच इथे करायची आहे. पुस्तकाची, नाटकाची, चित्राची समीक्षा आपण वाचत असतो. हाताने घडवलेल्या वस्तूची मात्र आपण एक तर तारीफ करतो, नाही तर किंमत विचारतो.

मी राहते ते सावंगी (मेघे) हे वर्धा शहराला लागून असलेलं गाव, आता वैद्यकीय महाविद्यालयामुळे ओळखलं जाणारं. हाड आणि त्यात बसवलेला धातू एकमेकांशी कसे नांदतात, हा माझ्या संशोधनाचा विषय. त्यामुळे दोन वेगळ्या जातींचे पदार्थ जोडले आणि जोड टिकला नाही, अशी कुठलीही तक्रार फिरत फिरत माझ्याकडे येते. हे पेनही तसंच आलं. ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांना त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याने ते दिवाळीत भेट दिलं होतं. विद्यार्थी एका लहानशा वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. पेनं करणं हा त्याचा हौसेचा जोडधंदा. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सर ते रुमालात गुंडाळून घेऊन आले. “पोराने जीव ओतून केलंय हो,” ते म्हणाले, “पण बघा काय झालं.”

पेनाच्या मधल्या भागात, लाकडाच्या रेषांना धरून, एक उभी चीर गेली होती. शिवाय पितळी कड्यांच्या कडा नखाला लागत होत्या. दिवाळीत हात फिरवला तेव्हा लाकूड कुठे संपतं आणि पितळ कुठे सुरू होतं ते डोळे मिटून कळत नव्हतं, असं सर सांगत होते.

चिरेकडे वळण्याआधी हे पेन बनलं कसं ते पाहू. साधं लाकडी पेन करायची रीत सोपी आहे. बोटाएवढ्या जाडीचा चौकोनी ठोकळा घ्यायचा, त्याला लांबीतून साधारण ७ मिलिमीटरचं आरपार भोक पाडायचं, त्यात पितळेची पातळ नळी चिकटवायची आणि मग लेथवर फिरवून बाहेरचा आकार काढायचा. नळीच्या दोन टोकांत पेनाचे बाकीचे भाग दाबून बसतात. सारा ताण नळीने सोसायचा, लाकडाने फक्त अंगरखा व्हायचं. आपल्याकडचे कातारी पाळण्याचे खांब, लाटणी, भोवरे ज्या पद्धतीने करत आले, तेच हे काम. फक्त माप लहान आणि आत नळी.

जोडकामाचं पेन करायचं तर भोक पाडण्याआधी ठोकळाच तुकड्यातुकड्यांनी रचावा लागतो. सरांच्या पेनात साग आणि शिसव यांच्या चकत्या होत्या, त्यांच्यामध्ये पितळेची पातळ कडी होती, आणि मधोमध पितळी पट्ट्यांची एक गाठ होती. ही गाठ खास पाहण्यासारखी होती. चार रेषा पेनाभोवती वळत जात एकमेकींना छेदत होत्या आणि कुठेही सुटत नव्हत्या.

ती कशी साधते? चौकोनी ठोकळ्याला करवतीने तिरपा छेद द्यायचा, त्या फटीत पितळी पट्टी बसवून चिकटवायची आणि सुकू द्यायची. मग ठोकळा पाव वळसा फिरवून त्याच जागी तोच तिरपा छेद पुन्हा द्यायचा. असं चार वेळा. गोल केल्यावर प्रत्येक सपाट पट्टी पृष्ठभागावर लंबवर्तुळ होऊन दिसते, आणि अशी चार लंबवर्तुळं एकमेकांत गुंतल्यावर गाठ दिसते. वर्गात हे दाखवायला लेथ लागत नाही. मेणबत्तीभोवती कागदाचे तीन-चार वेढे घट्ट गुंडाळा, धारदार पात्याने मेणबत्ती कागदासकट तिरपी कापा आणि कागद उलगडा. कापलेली कड सरळ येणार नाही, लाटेसारखी येईल. दहावी-अकरावीला ज्या ‘साइन’ वक्राचा आलेख मुलं तक्ता पाहून काढतात, तोच तुमच्या हातात येतो. (शाळेत हा वक्र मला कधीच कोणी असा दाखवला नव्हता. दाखवला असता तर त्रिकोणमितीशी माझं भांडण दोन वर्षं कमी चाललं असतं.)

या कामात एक अट कडक आहे. करवत जेवढं लाकूड खाते तेवढ्याच जाडीची पट्टी आत गेली पाहिजे. समजा करवतीने दीड मिलिमीटर खाल्लं आणि पट्टी एक मिलिमीटरची निघाली. छेद ४५ अंशांचा असेल तर ठोकळ्याचा अर्धा भाग लांबीच्या दिशेने सुमारे ०.७ मिलिमीटर सरकतो. पुढच्या छेदाला ही चूक वाढते आणि चौथ्या छेदापर्यंत रेषा एकमेकींना चुकवून जातात. सरांच्या पेनावर चारही रेषा नेमक्या जुळल्या होत्या. करणाऱ्याला करवत, पट्टी आणि सबुरी या तिन्हींची जाण होती. तेव्हा त्याला हात नाही म्हणून पेन फुटलं, असं म्हणायची सोय नाही.

मग फुटलं का? त्या तरुणाला फोनवर विचारलं तर तो म्हणाला, “गोंद हलका लागला असन, मॅडम. यावेळी भारी आणतो.” दुकानदारही तेच सांगतो, आणि अशा छंदाच्या पुस्तकांतही जोड सुटल्याचं उत्तर बहुधा आणखी चांगला गोंद, आणखी दाब, आणखी घट्ट बसणारी नळी असंच असतं. माझी पहिली टीका या निदानावर आहे. चीर भिंगाखाली पाहिली तर ती गोंदाच्या रेषेतून गेलेलीच नव्हती. ती सागाच्या अंगातून गेली होती. गोंद तसूभरही हलला नव्हता. आणि तो हलला नाही, हीच इथली अडचण होती.

दुसरं निदान आपल्या शाळेतून येतं. सर स्वतः विज्ञान शिकवायचे. ते म्हणाले, “उन्हाळा आहे, पितळ फुगलं असेल आणि लाकूड फाटलं असेल.” उत्तर तर्काला धरून आहे. उष्णतेने धातू प्रसरण पावतात हे आपण गोल आणि कड्याच्या प्रयोगाने शिकवतो. पण ‘किती’ हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. विचारून पाहू.

पितळाचा प्रसरणांक दर अंश सेल्सिअसला सुमारे १९ दशलक्षांश. हिवाळ्यातल्या पहाटेचे १५ अंश आणि मेमधल्या दुपारचे ४५ अंश, म्हणजे फरक ३० अंशांचा. १२ मिलिमीटर व्यासाचं पितळी कडं त्यामुळे १२ गुणिले ३० गुणिले ०.००००१९, म्हणजे ०.००७ मिलिमीटरनेही मोठं होत नाही. केसाच्या जाडीचा हा दहावा भाग.

आता लाकूड. लाकडाला उष्णतेची फारशी पर्वा नसते. त्याला पर्वा आहे हवेतल्या ओलाव्याची. लाकडाच्या पेशींच्या भिंती हवेतून पाणी घेतात आणि परत देतात. मेमधल्या दुपारी इथे हवा इतकी कोरडी होते की तशाच हवेत बराच काळ राहिलेल्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या चार-पाच टक्केच पाणी उरतं. पावसाळ्यात, सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांवर असताना, तेच लाकूड १५-१६ टक्क्यांवर जातं. फरक दहा टक्क्यांचा धरू. ओला साग पूर्ण कोरडा होईपर्यंत वार्षिक वलयांच्या दिशेने साधारण ५.८ टक्के आणि गाभ्यापासून सालीच्या दिशेने २.५ टक्के आक्रसतो. हे आक्रसणं पाण्याचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास आल्यावर सुरू होतं. म्हणजे दहा टक्के पाणी गेलं तर एका दिशेला १.९ टक्के आणि दुसऱ्या दिशेला ०.८ टक्के. बारा मिलिमीटरच्या सागाच्या दांडीत हा फरक एका बाजूने ०.२३ मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूने ०.१० मिलिमीटर येतो. मेमधली गोल दांडी ऑगस्टमध्ये खरं तर गोल नसतेच.

०.००७ आणि ०.२३. तीसपटींहून जास्त अंतर. पितळ जवळजवळ जागचं हललेलं नाही. हललंय ते लाकूड. कडी नखाला लागत होती ती फुगली म्हणून नाही. तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड खाली गेलं म्हणून. एका कडेला ०.१ मिलिमीटरची पायरी म्हणजे कागदाची जाडी, आणि बोटाला ती सहज कळते.

चीर का पडली तेही यातून दिसतं. सागाला आक्रसायचं आहे, पण आत ७ मिलिमीटरची नळी ठाण मांडून बसली आहे आणि गोंद त्याला सोडत नाही. नळीचा घेर २२ मिलिमीटर. लाकडाचं दोन दिशांचं सरासरी आक्रसणं सव्वा टक्का धरलं, तर त्या घेरावर पाव मिलिमीटरच्या आसपास लाकूड कमी पडतं. ते आणायचं कुठून? लाकूड रेषांच्या दिशेने ओढलं तर भक्कम असतं, पण आडवं ओढलं की त्याची ताकद पुष्कळच कमी भरते. ते उकलतं. गोंद कच्चा असता, तर लाकूड नळीवरून अलगद सुटलं असतं आणि कदाचित चीर पडलीच नसती. त्या तरुणाने भारी गोंद आणला, तर पुढचं पेन आधी फुटेल.

आता जरा बैलगाडीकडे वळू, कारण आपल्या शिकवण्यातली चूक तिथे जास्त ठळक दिसते. लोहार लोखंडी धाव तापवून लाल करतो, लाकडी चाकावर चढवतो आणि पाणी ओततो. प्रसरण-आकुंचनाचं हे उदाहरण आपण सारेच वर्गात देतो, आणि ते बरोबरच आहे. १.२ मीटर व्यासाची धाव ५०० अंशांनी तापली की व्यासात सात मिलिमीटरहून अधिक वाढते. पण गोष्ट तिथे थांबवली की मुलांचा समज होतो की चाकात हलतं ते लोखंड, आणि लाकूड आपलं बसून असतं. मग एखादी हुशार मुलगी विचारते, “उन्हाळ्यात धाव ढिली होते ती लोखंड फुगल्यामुळेच ना?” आणि आपण तिला शाबासकी देऊन टाकतो.

हिशेब करा. ३० अंशांच्या फरकाने त्या धावेचा व्यास वाढतो ०.४३ मिलिमीटर. चाकाच्या घेरातले लाकडी पुठे दोन्ही बाजूंचे मिळून १६ सेंटिमीटर खोल धरले आणि ते सव्वा टक्का आक्रसले, तर दोन मिलिमीटर जातात. मधला तुंबा आक्रसतो तो वेगळा. धाव ढिली होण्यात मोठा वाटा लाकडाचा आहे. आणि हे ठरवायला पट्टीसुद्धा लागत नाही; गाडीवानाचा उपाय पुरतो. खिळखिळं झालेलं चाक तो पाण्यात ठेवतो. लोखंडाचं तापमान काही मिनिटांत पाण्याएवढं होतं. पण चाक काही मिनिटांत घट्ट होत नाही, त्याला रात्र घालवावी लागते. लोखंड हे कारण असतं तर एवढा वेळ लागला नसता. गाडीवान हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतो, आणि आपल्या वर्गात त्याचं ज्ञान येत नाही. तान्ह्या पोळ्याला मुलं जे लाकडी नंदीबैल ओढत नेतात, त्यांच्या चाकांचंही असंच. आपल्या जिल्ह्यात सिंदी (रेल्वे) इथे तर केवढाले लाकडी बैल निघतात. घरी माळ्यावर ठेवलेला नंदी मेमध्ये उतरवून पाहा; चाकं खुळखुळतील, सांध्यांत फटी दिसतील. पोळ्याला त्या पुष्कळशा मिटलेल्या असतात.

मला जास्त खटकतं ते हे की या परिसराला ‘हस्तव्यवसायातून विज्ञान’ ही कल्पना नवी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यालाच शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि नई तालीमची योजना पुढे आली. हातांनी करायचं काम हेच शिकण्याचं माध्यम व्हावं, असा तिचा गाभा. आज शाळेत कार्यानुभवाचा तास एकीकडे आणि विज्ञानाचा तास दुसरीकडे आहे. पहिल्या तासात गोंद कसा लावायचा ते सांगतात, दुसऱ्या तासात प्रसरणांकाची व्याख्या सांगतात, आणि पेन त्या दोन तासांच्या मधल्या सुट्टीत फुटतं.

पेनाची पारख वर्ध्याला होण्याचीही ही पहिली वेळ नव्हे. १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचं काम वर्ध्याच्या मगनवाडीतून चालायचं आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे सचिव होते. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी केलेलं फाउंटन पेन कुमारप्पांच्या मार्फत गांधीजींकडे पोचलं, आणि जुलै १९३५ मध्ये गांधीजींनी वर्ध्याहून रत्नम यांना पोच दिली. पत्र अगदी चार ओळींचं आहे. आपण पेन वापरून पाहिलं आणि बाजारात दिसणाऱ्या परदेशी पेनांऐवजी ते चालण्यासारखं आहे, एवढंच त्यात आहे. ते दिसतं कसं याबद्दल एक शब्द नाही. समीक्षक म्हणून मला ही शिस्त पटते. आधी वापर, मग मत.

त्या काळचे पेन बनवणारे एबोनाइट का वापरत, हेही इथे लक्षात घेण्याजोगं आहे. रबरात भरपूर गंधक घालून तापवलं की एबोनाइट तयार होतं. ते लेथवर छान कापलं जातं, शाईला दाद देत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याला लाकडासारख्या रेषा नसतात आणि हवेतल्या ओलाव्याशी त्याचं फारसं देणंघेणं नसतं. त्याआधीच्या टाकाची दांडी लाकडी होती, पण ती एकसंध होती आणि तिच्या आत नळी नव्हती. उन्हाळ्यात ती खुशाल बारीक व्हायची, तिला अडवणारं कोणी नव्हतं. लाकूड पेनाला चालत नाही असं अजिबात नाही. लाकडाला कोंडून ठेवलेलं चालत नाही.

आता पुन्हा सरांच्या पेनाकडे, आणि माझ्या खऱ्या आक्षेपाकडे. माझा आक्षेप कारागिरीवर नाही, आराखड्यावर आहे. हा आराखडा जिथून आला तिथल्या हवेसाठी तो आहे. लेथवर पेन करण्याचा छंद आणि त्याची तयार सामग्री इकडे आली ती मुख्यतः अमेरिका आणि इंग्लंडच्या वाटेने. तिथे घरं हिवाळ्यात तापवलेली असतात, त्यामुळे घरातली कोरडी वेळ हिवाळ्यात येते, आणि लाकूड सहा ते आठ टक्के ओलाव्याला आणून वापरा, असा सल्ला तिकडच्या पुस्तकांत असतो. वर्ध्याचं वर्ष तसं नाही. इथे चैत्र-वैशाखात लाकूड त्याच्याही खाली जातं आणि श्रावणात त्याच्या दुप्पट वर. त्यात ही पेनं होतात केव्हा? शिक्षक दिन ५ सप्टेंबरला, मग दिवाळी. मागणी तेव्हा असते, म्हणून ठोकळे जुलै-ऑगस्टमध्ये चिकटवले जातात, लाकूड सर्वांत फुगलेलं असताना. अशा पेनाला पुढे एकच वाट उरते, आक्रसण्याची, आणि नळी ती वाट अडवते.

उलट केलं तर? ठोकळा मेमध्ये चिकटवला, तर लाकूड सर्वांत बारीक असतं. पावसाळ्यात ते फुगून नळीपासून दूर जायला पाहील. तेव्हा ताण गोंदावर येईल, लाकडावर नाही. आणि गोंदाचा थर थोडा जाड आणि थोडा लवचिक असेल तर तो हा ताण सोसेल. म्हणून भोक नळीला अगदी घट्ट पाडण्यात अर्थ नाही. एक-दोन दशांश मिलिमीटर मोकळं पाडावं, आणि झटपट चिकटणाऱ्या ठिसूळ गोंदाऐवजी सावकाश सुकणारा, जरा लवचिक राहणारा इपॉक्सी भरावा. ‘घट्ट म्हणजे चांगलं’ हा आपला संस्कार आहे, आणि इथे तो आडवा येतो.

धातू कुठे घालायचा, हाही आराखड्याचाच प्रश्न. चकत्यांची रचना दिसायला सोपी, पण तिच्यात दोन दोष आहेत. एक तर चकतीचा जोड लाकडाच्या आडव्या छेदावर येतो. तिथे लाकडाच्या नलिका उघड्या असतात, त्या गोंद पिऊन टाकतात आणि जोड कोरडा राहतो. दुसरं म्हणजे लाकडाची सर्वांत मोठी हालचाल याच प्रतलात होते, आणि नेमकी तिथेच न हलणारी पितळी चकती आपण चिकटवतो. त्याऐवजी पट्ट्या पेनाच्या लांबीला समांतर, उभ्या घातल्या तर? लांबीच्या दिशेने लाकूड फारच कमी हलतं. दहा टक्के पाणी गेलं तरी ६० मिलिमीटरच्या पट्टीत फार तर ०.०४ मिलिमीटर. पितळाची वाढ त्या लांबीवर जवळजवळ तितकीच, ०.०३४. उन्हाळ्यात दोघं उलट दिशांना जातात हे खरं, पण दोन्ही मिळूनही अंतर ०.१ मिलिमीटरच्या आतच राहतं. नळीभोवतीचा ताण यानेही संपत नाही, पण जोड तरी शांत राहतात. गाठ या दोन टोकांच्या मधली. ती सुंदर आहे, ती ठेवावी असं मला वाटतं. तिच्यासाठी दोन्ही बाजूंच्या चकत्या सोडून द्याव्यात. सरांच्या पेनात एकाच हातातलं सगळं कौशल्य एकाच वेळी दाखवायची घाई आहे.

लाकूड आणि धातू एकाच वेळी लेथवर घेतले की आणखी दोन गोष्टी होतात. पॉलिश पेपरने घासताना मऊ लाकूड लवकर झिजतं आणि पितळ उंच राहतं, म्हणून माणूस जोर लावतो. जोर लावला की पितळ तापतं. पितळाची उष्णतावाहकता लाकडाच्या काहीशे पट, त्यामुळे सगळी उष्णता पट्टीतून थेट गोंदात उतरते. घरगुती इपॉक्सी साठ अंशांच्या पुढे मऊ पडू लागतो. बोटाला चटका बसला म्हणजे गोंद अर्धा गेला, असं समजावं. फिरत्या ठोकळ्यातून सुटलेली धातूची पट्टी गोळीसारखी येते. म्हणून कार्यानुभवात मुलांना हे काम द्यायचं मनात असेल, तर देऊ नका. तिरपा छेद, मेणबत्ती आणि कागद एवढं पुरे.

दुसरी गोष्ट डागाची. पितळाऐवजी कोणी लोखंडाची पट्टी वापरली आणि लाकूड बाभळीचं किंवा सागाचं असलं, तर ओलाव्यात जोडाशेजारी काळे डाग येतात. लाकडातलं टॅनिन आणि लोह यांचा तो संयोग. हिरडा आणि हिराकस यांपासून शाई करतात तीच ही रासायनिक क्रिया. पेनाने शाई वापरायची सोडून स्वतःच करायला घेतली, असं म्हणायचं.

हे सगळं वर्गात आणायला पेन लागणार नाही. सुताराकडून सागाच्या रुंद फळीचा एक तुकडा आणा, रुंदी १० सेंटिमीटर आणि लांबीही तेवढीच. उन्हाळी सुट्टीच्या आधी त्याची दोन्ही मापं व्हर्नियरने घ्या, वजन करा, तारीख त्याच्यावरच लिहा आणि खिडकीत ठेवून द्या. पोळ्याच्या सुमारास पुन्हा मोजा. लांबीत काहीच सापडणार नाही, रुंदीत मिलिमीटरच्या आसपास सापडेल. शेजारी तेवढीच पितळी पट्टी ठेवा. तिच्यातला फरक शाळेच्या व्हर्नियरला जेमतेम कळला तर कळेल. मग धावेचा धडा पुन्हा घ्या.

त्या तरुणाला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तो जरा हिरमुसला. चार रेषा जुळवायला त्याला सहा ठोकळे वाया घालवावे लागले होते, आणि मी बोलत होते हवेबद्दल. पण पुढच्या रविवारी तो दोन ठोकळे घेऊन आला, एक जूनच्या पहिल्या आठवड्यात चिकटवलेला आणि एक न चिकटवलेला. दुसरा त्याने पाऊस लागल्यावर चिकटवायचा ठरवलं आहे. दोन्ही एकाच फळीतून काढलेले, दोन्हींना एकाच मापाची नळी. ही कल्पना त्याची, माझी नाही.

सरांचं पेन मात्र माझ्याकडेच राहिलं होतं. पावसाने महिनाभर मुक्काम केल्यावर तो तरुण ते न्यायला आला. त्याने उन्हाकडे धरून पेन फिरवलं, नखाने चीर शोधली, पुन्हा फिरवलं. चीर होती तिथे आता एक बारीक काळी रेषा होती, शिसवीच्या रेषांत सहज खपून जाणारी. कडाही हाताला लागत नव्हत्या.

“बुजली ना जी मॅडम!” तो म्हणाला. मी त्याला ते पेन पुढच्या वैशाखापर्यंत सरांना देऊ नको म्हणून सांगितलं.